अटल बोगद्यातून सोलंगकडे उतरताना: एबीएस, ईएससी आणि बर्फावरची एक दुपार

मनालीपासून साधारण पंचवीस किलोमीटरवर अटल बोगद्याचे दक्षिण तोंड आहे, समुद्रसपाटीपासून ३,०६० मीटर उंचीवर. तिथून सोलंगपर्यंतच्या दहा-बारा किलोमीटरांत रस्ता सुमारे पाचशे मीटर खाली उतरतो. ९.०२ किलोमीटर लांबीचा बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाला आणि हिवाळ्यात पलीकडे सिस्सूपर्यंत जाऊन संध्याकाळी मनालीत परतणे शक्य झाले. तेव्हापासून डिसेंबरच्या सुट्टीत एमएच पासिंगच्या गाड्या या पट्ट्यात मोठ्या संख्येने दिसतात. त्याच सुट्टीत इथे शेकडो गाड्या अडकण्याचे प्रसंगही घडतात. डिसेंबर २०२४ मधले घसरणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ पुष्कळांच्या मोबाईलवर येऊन गेले आहेत.

इथे घेतलेले प्रकरण कुण्या एका गाडीचे नाही. या उतारावर दर हिवाळ्यात ज्या क्रमाने गोष्टी बिघडतात तो क्रम एका नमुना गाडीवर बसवून दाखवला आहे. गाडी: मध्यम आकाराची पेट्रोल एसयूव्ही, फ्रंट-व्हील ड्राइव्ह (इंजिनची ताकद फक्त पुढच्या चाकांना), ऑटोमॅटिक. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा), ईएससी (घसरती गाडी चालकाच्या दिशेत ठेवू पाहणारी), ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागच्या जागी फिरू न देणारे), हिल होल्ड, हिल डिसेंट कंट्रोल आणि रडार-कॅमेऱ्यावर चालणारी, चालकाला मदत करणारी एडास, सगळे आहे. टायर मात्र कंपनीतून आलेलेच, म्हणजे हायवेचे. गाडीत चार माणसे. वेळ दुपारी साडेतीन-चारची. सिस्सूहून परत येताना बारीक बर्फ सुरू झालेला. चालवणारा नवशिका नाही. आंबेनळी, वरंधा, कशेडी हे घाट पावसाळ्यात उतरवायची सवय असलेला माणूस आहे, आणि गडबड तिथूनच सुरू होते.

आधी हिशेब पकडीचा

टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाचा गुणांक कोरड्या डांबरावर ०.८ च्या आसपास असतो. ओल्या डांबरावर ०.५ ते ०.६, दाबल्या गेलेल्या बर्फावर ०.२ ते ०.३. गाड्यांच्या चाकांनी घासून काचेसारखा झालेला बर्फ, किंवा दुपारी वितळून सावलीत पुन्हा गोठलेले पाणी, यावर तो ०.१ किंवा त्याहूनही कमी. शून्य अंशाच्या जवळपासचा, वर पाण्याचा पातळ थर असलेला बर्फ सर्वांत वाईट. उणे पंधरावर तोच बर्फ उलट बरा असतो. सोलंगच्या वरचा रस्ता डिसेंबरच्या दुपारी नेमका या वाईट टप्प्यात असतो.

ताशी ४० किमी वेगाने सपाट रस्त्यावर पूर्ण ब्रेक मारला, तर कोरड्यावर गाडी ८ मीटरमध्ये थांबते, दाबलेल्या बर्फावर २५ मीटर लागतात आणि गुळगुळीत बर्फावर ६३ मीटर. यात पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा सेकंद धरलेला नाही. आता ६ टक्के उतार घाला. वेग ताशी २० केला तरी दाबलेल्या बर्फावर ८ मीटर आणि गुळगुळीत बर्फावर ४० मीटर लागतात. वेग १० असेल तर हेच ४० मीटर १० वर येतात. उतार १० टक्के आणि गुणांक ०.१ असेल, तर गाडी थांबतच नाही. उताराची ओढ आणि टायरची पकड समसमान होते. हे गणित कुठल्याही कंपनीच्या, कितीही एअरबॅगच्या गाडीला लागू आहे. एबीएस, ईएससी वगैरे यंत्रणा असलेली पकड चार चाकांत वाटून देतात. पकड तयार करतात ती टायर आणि साखळी.

वळणाचेही तसेच. २० मीटर त्रिज्येचे वळण कोरड्या रस्त्यावर ताशी ४५ पर्यंत घेता येते, दाबलेल्या बर्फावर २५ आणि गुळगुळीत बर्फावर १६. त्याहून जास्त वेगाने गाडी त्या वळणात घातली, तर ईएससीला करण्यासारखे फार थोडे उरते.

पहिला टप्पा: बोगद्याचे तोंड

बोगद्यात रस्ता कोरडा, हवा त्या मानाने उबदार, वेग ताशी ५०-६०. बाहेर पडताक्षणी पुढच्या शंभर मीटरांत दाबलेला बर्फ. वेग कमी करायचा तो बोगद्याच्या आतच, शेवटच्या अर्ध्या किलोमीटरमध्ये, ब्रेकला हात-पाय न लावता नुसता ॲक्सिलरेटर सोडून. आपला चालक ते करत नाही. तो बाहेर येतो, बर्फ दिसतो, आणि ४० वर असताना ब्रेक दाबतो.

ब्रेक पेडल पायाखाली थरथरते, खालून कर्रर्र आवाज येतो. एबीएसच्या मॉड्युलेटरमधले व्हॉल्व्ह सेकंदाला दहा-पंधरा वेळा दाब सोडून पुन्हा देत आहेत, चाक जाम होऊ नये म्हणून. ज्याने आयुष्यात एबीएस कधी पूर्ण लागलेला अनुभवला नाही तो इथे हमखास घाबरून पाय उचलतो. मग गाडी मोकळी धावते, माणूस पुन्हा दाबतो, पुन्हा थरथर, पुन्हा पाय वर. प्रत्येक वेळी काही मीटर फुकट जातात. एबीएस चालू असताना पाय घट्ट दाबून ठेवायचा आणि लक्ष स्टेअरिंगवर द्यायचे. चाके फिरती ठेवून गाडी वळवता यावी हेच एबीएसचे मुख्य काम आहे.

एक मेख मात्र आहे. भुसभुशीत, नुकत्या पडलेल्या बर्फात जाम झालेले चाक स्वतःपुढे बर्फाची पाचर जमवते आणि तिला अडून थांबते. एबीएस चाक फिरते ठेवतो, त्यामुळे ही पाचर तयार होत नाही आणि अशा जागी थांबायचे अंतर वाढते. म्हणून फ्यूज काढून एबीएस बंद करण्याचा सल्ला काही जण देतात. तो देऊ नये. त्या दोन-चार मीटरांच्या बदल्यात वळायची क्षमता जाते, आणि या रस्त्याच्या एका अंगाला दरी आहे.

दुसरा टप्पा: वळण आणि लुकलुकणारा दिवा

पहिल्या वळणात स्टेअरिंग उजवीकडे फिरवले आहे आणि गाडीचे नाक सरळच जाते आहे. डॅशबोर्डवर मागे नागमोडी खुणा असलेल्या गाडीचा पिवळा दिवा लुकलुकतो. ईएससी स्टेअरिंगच्या कोनावरून चालकाला कुठे जायचे आहे ते वाचते, यॉ सेन्सर (गाडी स्वतःभोवती किती वळते ते मोजणारा) आणि चाकांच्या वेगावरून गाडी प्रत्यक्षात कुठे चालली आहे ते बघते, आणि सेकंदाला पंचवीसेक वेळा दोन्ही ताडून पाहते. नाक बाहेर जात असेल तर इंजिनची ताकद कमी करून वळणाच्या आतल्या अंगाचे मागचे चाक धरते. शेपूट बाहेर फेकली जात असेल तर बाहेरच्या अंगाचे पुढचे चाक धरते. हे काम कुठलाही माणूस पायाने करू शकत नाही, कारण पेडल एक आणि चाके चार.

पण चालकाने इथे दोन चुका केल्या की ईएससीचेही हात बांधले जातात. पहिली, नाक वळत नाही म्हणून स्टेअरिंग आणखी फिरवणे. पुढची चाके आधीच घसरत आहेत. जास्त तिरकी केल्याने ती बर्फ खरवडतात, वळत नाहीत. शिवाय पुढे अचानक कोरडा पट्टा लागला की तिरक्या चाकांना एकदम पकड मिळते आणि गाडी झटक्यात आत फेकली जाते. फिरवलेले स्टेअरिंग थोडे सरळ करायचे, ॲक्सिलरेटर सोडायचा, पकड परत जाणवली की पुन्हा हळू वळवायचे. दुसरी चूक वळणाच्या मध्यावर ब्रेक. घाटात पावसात हे खपून जाते, कारण ०.५ गुणांकात ब्रेक आणि वळण दोन्हींपुरती पकड असते. ०.१५ मध्ये एका वेळी एकच काम होते: आधी सरळ रस्त्यावर वेग कमी करा, मग पेडल सोडा, मग वळा.

लुकलुकणारा दिवा म्हणजे यंत्रणा काम करते आहे आणि पकडीची हद्द आलेली आहे. तो एकाच किलोमीटरमध्ये तीनदा लुकलुकला तर वेग निम्मा करायचा. स्थिर पेटलेल्या दिव्याचा अर्थ वेगळा: यंत्रणा बंद आहे, कुणी बटण दाबले म्हणून किंवा बिघाड म्हणून. एबीएसचा पिवळा आणि ब्रेकचा लाल दिवा दोन्ही एकदम पेटले तर पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकची वाटणीही गेलेली असू शकते, म्हणजे मागची चाके आधी जाम होऊन गाडी आडवी होण्याचा धोका. तशा गाडीने हा उतार उतरू नये. गाडी तिथेच बाजूला लावून ब्रेक ऑइलची पातळी पाहावी.

तिसरा टप्पा: रांगेत उभे राहणे

मोठा प्रकार इथे घडतो, आणि तोही माणूस चालतो त्या वेगाने.

खाली कुठेतरी एक टॅक्सी आडवी झाली आहे, रांग थांबली आहे. आपली गाडी पुढच्या गाडीमागे सहा-सात मीटर सोडून थांबते. घाटातल्या सवयीने तेवढे अंतर पुरेसे वाटते. रांग थोडी पुढे सरकते, गाडी ताशी चार-पाचच्या वेगाने निघते, चालक ब्रेक दाबतो. पेडल थरथरत नाही. आवाज नाही. चारही चाके जाम, आणि गाडी तशीच, शांतपणे, घसरगुंडीवर बसल्यासारखी खाली जाते. माणूस पाय आणखी जोरात दाबतो. स्टेअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलेले आहे, गाडीला त्याची खबरही नाही.

कारण साधे आहे. ताशी साधारण पाच-सात किमीच्या खाली एबीएस काम करत नाही. नाहीतर गाडी कधी पूर्ण थांबूच शकली नसती, म्हणून ती मर्यादा मुद्दाम ठेवलेली असते. नेमक्या त्याच वेगात बर्फाच्या उतारावरची रांग सरकते. जाम झालेले चाक स्टेअरिंग ऐकत नाही, कारण वळण्यासाठी चाक फिरावे लागते. अशा वेळी रस्त्याकडेला उभे असलेले स्थानिक ड्रायव्हर ‘ब्रेक छोडो, ब्रेक छोडो’ म्हणून ओरडत असतात. ते शंभर टक्के बरोबर असते, पण आत बसलेल्याला ते वेडेपणाचे वाटते.

करायचे ते असे. पाय अर्धा सेकंद पूर्ण सोडा, चाके फिरू द्या, स्टेअरिंग थोडेसेच डोंगराच्या बाजूला वळवा, पुन्हा हलका दाब द्या. चाक अडकले असे वाटले की पुन्हा सोडा. एबीएस जे काम करत नाही ते या वेगात पायाने करायचे. गाडी अडवायची जागा म्हणजे डोंगराकडचा भुसभुशीत बर्फाचा ढीग किंवा गटाराची कड. तिथे बंपर आणि मडगार्ड जाईल, एवढेच. ऑटोमॅटिक गाडीत आणखी एक गोष्ट घडत असते. गिअर ‘डी’मध्ये असताना इंजिन आयडलवरही पुढच्या चाकांना ढकलत असते, म्हणजे ब्रेक आणि इंजिन एकमेकांविरुद्ध लढतात. थांबण्याच्या शेवटच्या दोन-तीन मीटरांत ‘एन’ टाकला की ही ढकल जाते आणि गाडी नीट उभी राहते. संपूर्ण उतार मात्र न्यूट्रलमध्ये उतरायचा नाही. इंजिन ब्रेकिंग जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

हिल होल्डचा इथे गैरसमज फार. चढावर ब्रेकवरून पाय काढल्यावर ते दोन-तीन सेकंद ब्रेकचा दाब धरून ठेवते. बर्फावर ते चाके धरते, गाडीला नाही. चाके जाम असतानाही गाडी मागे घसरू शकते. हँडब्रेकचेही तेच, उलट तो दोनच चाके धरतो. चालत्या गाडीत इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकचे बटण ओढून काही साधत नाही.

रांगेत अंतर किती ठेवायचे? चढावर पुढची गाडी घसरत मागे आली किंवा उतारावर आपली पुढे गेली तरी वळवून डोंगराला टेकवता येईल एवढे, म्हणजे निदान तीस-चाळीस मीटर. त्या जागेत दुसरा कोणी घुसेल. घुसू द्यावा.

हिल डिसेंट कंट्रोल कधी, आणि इंजिन ब्रेकिंग कधी

घाटात शिकलेला नियम म्हणजे ज्या गिअरने चढ चढला त्याच गिअरने उतरायचे. फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडीत इंजिनचा अडथळा फक्त पुढच्या दोन चाकांवर येतो. चौथ्यातून एकदम दुसऱ्यात आणले तर बर्फावर पुढची चाके क्षणभर रस्त्यापेक्षा हळू फिरतात, म्हणजे घसरतात, आणि स्टेअरिंग जाते. ईएससी असलेल्या बऱ्याच गाड्या अशा वेळी इंजिनला थोडी रेस देऊन ही घसरण सावरतात, पण त्यावर विसंबू नये. उतार सुरू होण्याआधीच पहिला किंवा दुसरा गिअर टाकून ठेवावा.

हिल डिसेंट कंट्रोल चारही चाकांचे ब्रेक स्वतंत्रपणे वापरून ठरलेला वेग धरते, त्यामुळे टू-व्हील ड्राइव्ह गाडीत दाबलेल्या बर्फाच्या उतारावर ते नुसत्या इंजिन ब्रेकिंगपेक्षा चांगले. बटण उतारावर पोहोचण्याआधी दाबायचे, वेग ताशी ८ ते १० वर बसवायचा, पाय दोन्ही पेडलांवरून काढलेला, पण ब्रेकच्या जवळ. त्याची मर्यादा एकच: वेग धरायला लागणारी पकड रस्त्यात नसेल तर ते काही करू शकत नाही. हिल डिसेंट चालू असताना गाडीचा वेग आपोआप वाढू लागला, तर खाली गुळगुळीत बर्फ आहे असे समजावे. तिथून पुढे साखळीशिवाय जाऊ नये.

इलेक्ट्रिक गाडीत रिजेनची (मोटरनेच वेग कमी करून बॅटरी भरण्याची) पातळी सर्वांत खाली आणावी. ॲक्सिलरेटर सोडताच जोरात धरणारे रिजेन बर्फावर अचानक ब्रेक मारल्यासारखेच वागते, आणि तेही फक्त मोटर असलेल्या चाकांवर.

अडकल्यावर: ट्रॅक्शन कंट्रोल बंद करण्याची एकच वेळ

गाडी डोंगराकडच्या बर्फात टेकली, खालचा रस्ता मोकळा झाला, आता बाहेर काढायची आहे. चालक ॲक्सिलरेटर दाबतो, दिवा लुकलुकतो, इंजिन मरगळते, गाडी जागची हलत नाही. चाक फिरले रे फिरले की ट्रॅक्शन कंट्रोल ताकद कापते. चालत्या गाडीत हे हवेच. अडकलेल्या गाडीत चाकाला थोडे फिरून बर्फ बाजूला सारावा लागतो. इथे बटण दाबून ते बंद करावे. अनेक गाड्यांत बटण एकदा दाबले की फक्त ट्रॅक्शन कंट्रोल बंद होते आणि तीनेक सेकंद धरून ठेवले की ईएससीही जाते. आपल्या गाडीत काय होते ते मनालीच्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये, मॅन्युअल हातात घेऊन पाहावे.

चाकांपुढचा आणि मागचा बर्फ हाताने काढा, स्टेअरिंग सरळ करा, पायपुसण्या पुढच्या चाकांखाली खडबडीत बाजू वर करून सरकवा. अगदी हलक्या पायाने पुढे, मग रिव्हर्स, मग पुढे. चाक जोरात फिरवले तर खालचा बर्फ वितळून पुन्हा गोठतो आणि खड्डा गुळगुळीत होतो. मागे ढकलणारी माणसे चाकांच्या रेषेत उभी राहू नयेत. गाडी सुटली की ट्रॅक्शन कंट्रोल परत चालू. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद करून चालू केल्यावर ते आपोआप येते, पण खात्री दिव्यावरूनच करावी.

साखळ्या लावायच्या त्या ओढणाऱ्या चाकांना, म्हणजे या गाडीत पुढच्या. सपाट जागी, हँडब्रेक लावून, मागच्या चाकांना दगड लावून. पन्नास-शंभर मीटर चालवून पुन्हा ताणायच्या. वेग ३०च्या आत ठेवावा. मॅन्युअलमधली मर्यादा सहसा ५० असते. मनालीत भाड्याने मिळणारी साखळी टायरच्या मापाची आहे का, आणि आतल्या बाजूला सस्पेन्शनला किंवा ब्रेकच्या नळीला घासत नाही ना, हे स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघावे. एबीएसच्या सेन्सरची वायर तिथूनच जाते. सुटलेली कडी ती तोडते आणि मग एबीएस, ईएससी, हिल डिसेंट सगळेच एकदम बंद पडते. फक्त पुढे साखळी असलेली गाडी उतारावर मागून हलकी पडते, शेपूट आडवी होऊ शकते. त्यामुळे उतरताना ईएससी चालूच हवे. बोगद्यातल्या कोरड्या रस्त्यावर मात्र साखळी तुटते आणि रस्ताही खराब होतो, तिथे काढावी.

फोर-बाय-फोरवाल्यांसाठी दोन वाक्ये. बर्फ पडला की पोलीस अनेकदा सोलंगच्या पुढे फक्त फोर-बाय-फोर सोडतात, त्यामुळे ती गाडी सुरक्षित असा समज होतो. ती चढते आणि निघते उत्तम, पण ब्रेक सगळ्याच गाड्यांत चारही चाकांना असतात, म्हणून थांबते इतरांएवढ्याच अंतरात. पार्ट-टाइम (हवी तेव्हाच लावायची) फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर बोगद्यात ‘टू-एच’वर, म्हणजे दोनच चाकांच्या ताकदीवर, यायचे, नाहीतर कोरड्या रस्त्यावर ड्राइव्हलाइन (चाकांपर्यंत ताकद नेणारे भाग) पीळ घेते, आणि ‘फोर-एल’ (चारही चाके, कमी वेगाचा गिअर) टाकताच काही गाड्यांत ईएससी आपोआप बंद होते हे माहीत असू द्यावे.

एडास

रडार पुढच्या बंपर-जाळीत, कॅमेरा काचेमागे. दहा मिनिटे बर्फ पडला की दोन्ही झाकले जातात आणि सेन्सर अडल्याचा संदेश येतो. साफ केले तरी प्रश्न संपत नाही. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा साधारण चांगल्या रस्त्याच्या हिशेबाने ब्रेक कधी लावायचा ते ठरवते. बर्फावर तोवर उशीर झालेला असतो. ॲडाप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीपासूनचे अंतर पाहून वेग धरणारे) बंदच ठेवावे, कारण वेग धरण्यासाठी ते स्वतःहून ॲक्सिलरेट करते. लेन असिस्टला रेषा दिसत नाहीत, आणि चाकांच्या खुणांना ते रेषा समजू शकते.

निघण्याआधी आणि दुसऱ्या दिवशी

टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असे चिन्ह असेल तर तो खरा बर्फाचा टायर. नुसते ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो) लिहिलेले पुरेसे नाही. हायवे टायरचे रबर सात अंशांच्या खाली कडक होऊ लागते. हवा मनालीतच, सकाळी थंड टायरवर तपासावी. पुण्यात २८ अंशांना ३३ पीएसआय भरलेला टायर उणे पाचला तापमानामुळे सुमारे ५ पीएसआय गमावतो; उंचीवर बाहेरचा दाब कमी असल्याने त्यातले दोनेक परत मिळतात, आणि गेजवर ३० च्या आसपास दिसते. ती कंपनीच्या आकड्यावर आणावी. वाळूत कमी करतात म्हणून इथेही हवा सोडू नये.

रात्री गाडी उभी करताना ‘पी’ किंवा गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावे, सपाट जागी हँडब्रेक टाळावा. ओले ब्रेक गोठतात. सकाळी सुरू करताच एबीएस, ईएससी आणि स्टेअरिंगचे दिवे एकदम पेटले तर पहिला संशय थंडीने दमलेल्या बॅटरीवर. इंजिन दहा मिनिटे चालू ठेवून बंद करावे, पुन्हा सुरू करावे. दिवे गेले नाहीत तर चारही चाकांच्या आतून, वेग मोजणारा सेन्सर आणि चाकाबरोबर फिरणारी त्याची रिंग यांच्याजवळून, गोठलेला बर्फ कोमट पाण्याने सोडवावा आणि दोनशे-तीनशे मीटर चालवून पाहावे. बऱ्याच गाड्यांत सेन्सरची तपासणी चाके फिरू लागल्यावरच पूर्ण होते. तरीही दिवा राहिला तर स्कॅनर लावून कुठल्या चाकाचा बिघाड-कोड आहे ते बघावे आणि आधी त्या चाकाचा कनेक्टर व वायर तपासावी, विशेषतः आदल्या दिवशी त्याच चाकाला साखळी लावली असेल तर.